दहा शब्दांची परीक्षा



विषयाला हात घालण्यापूर्वी मी आपणांस दहा शब्द वाचून दाखवणार आहे. ते लिहून घ्यावयाचे नाहीत. नुसते ऐकावयाचे आणि मनात ठेवावयाचे. पाटा, ढग, कुलूप, मावशी, घंटा, रस्ता, लोणी, कबूतर, सुई, पत्र. झाले. आता ज्यांच्यापाशी कागद असेल त्यांनी आठवतील तेवढे शब्द, आठवतील त्या क्रमाने लिहून कागद पालथा घालावा. बाकीच्यांनी बोटांवर मोजावेत. पुढे हे व्याख्यान छापील पानावर वाचणाऱ्यांनीही वरच्या ओळीवर तळहात ठेवून हाच खेळ करावा. चोरून पाहू नये. कारण येथे गुण मिळावयाचे नाहीत आणि नापासही कोणी व्हावयाचे नाही.

मी या गावचा भाचा. लहानपणच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या शेंदूरजनाघाटच्या बागांत काढल्या, आणि संत्र्याच्या कलमाला डोळा कसा भरतात ते माझ्या मोठ्या मामांनी येथेच दाखवले. त्या मामांचीच हकीकत सांगतो, कारण आजच्या विषयाची ओळख मला पुस्तकात होण्यापूर्वी त्यांच्या घरी झाली. 2011 सालची गोष्ट. मामांचे वय तेव्हा एकाहत्तर. आंबिया बहार झाडावर असताना त्यांनी एका व्यापाऱ्याशी बागेचा सौदा केला, इसार घेतला. पंधरा दिवसांनी दुसरा व्यापारी आला. त्याच्याशीही सौदा केला, त्याचाही इसार घेतला. दोघे एकाच दिवशी तोडणीचा विचार करण्यासाठी दारात उभे राहिले तेव्हा जो प्रसंग ओढवला तो सांगत बसत नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षे शब्दावर व्यवहार केला त्याला दारात उभा राहून कोणी लबाड म्हणावे आणि त्याने कळवळून सांगावे, "मी काई इसार घेतला नाई. या उमरीत मले चोर काऊन ठरोता?" ते खरेच बोलत होते. पहिला सौदा त्यांच्या मनात विसरला गेला नव्हता. तो तेथे उतरलाच नव्हता. या दोन गोष्टींतला भेद कसा ओळखावा, एवढाच माझा आजचा विषय आहे; आणि तो ओळखण्याचे साधन म्हणजे मघाचे दहा शब्द.

आता पालथे कागद सुलटे करा. संख्या किती ते मला नको. कोणते शब्द राहिले ते पाहा. बहुतेकांजवळ 'पाटा' असेल, 'ढग' असेल. शेवटचे 'सुई' आणि 'पत्र' असतील. 'घंटा', 'रस्ता', 'लोणी' ही मंडळी पुष्कळांची गळाली असतील. 'मावशी' मध्ये असूनही टिकली असेल, कारण मावशी कोण विसरतो! पण ती सोडली तर सर्वसाधारण नियम असा, की यादीचे दोन्ही काठ टिकतात आणि मधला भाग खचतो. 1962 साली बेनेट मर्डॉक या मानसशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या लांबीच्या याद्या लोकांना ऐकवून याचा आलेख काढला. दोन्हीकडे चढ आणि मध्ये खळगा, असा तो आलेख आहे.

दोन्ही काठ टिकतात खरे, पण दोन निरनिराळ्या कारणांनी टिकतात, आणि सगळी मौज तेथेच आहे. पहिले शब्द ऐकताना मन मोकळे असते. 'पाटा' ऐकला की आपण तो मनातल्या मनात घोकतो. 'ढग' आला की 'पाटा, ढग' असे घोकतो. पुढे गर्दी होते आणि घोकायला सवड राहत नाही. म्हणजे पहिले शब्द हे खरोखर साठवणीत गेलेले शब्द. शेवटच्यांचे तसे नाही. ते अजून कानात वाजत असतात एवढेच. 1966 साली ग्लान्झर आणि क्युनिट्झ या दोघांनी हे फार सोप्या युक्तीने दाखवले. यादी संपताच त्यांनी लोकांना अर्धा मिनिट अंक मोजावयास लावले आणि मग शब्द विचारले. शेवटच्या शब्दांचा चढ साफ नाहीसा झाला. पहिल्या शब्दांचा जशाचा तसा राहिला.

माणसाची स्मृती यादीने मोजावी ही कल्पना त्याहून जुनी आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस याने स्वतःलाच शिष्य आणि स्वतःलाच परीक्षक करून, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ केल्या, त्या किती वेळाने किती विसरतात ते मोजले, आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. प्रथम झपाट्याने विसर पडतो, मग वेग मंदावतो, हा त्याचा निष्कर्ष आजही उभा आहे. तो काही आजाऱ्यांचा वैद्य नव्हता. आजाऱ्यांकडे ही वाट वळली ती पुढे.

1901 च्या नोव्हेंबरात फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आलोइस आल्झायमर या डॉक्टरापुढे एक्कावन्न वर्षांची एक बाई बसली होती. तिचे नाव आउगुस्टे डेटर. त्याने तिला पेन्सिल, किल्ली अशा वस्तू एकेक करून दाखवल्या. तिने नावे बरोबर सांगितली. थोड्या वेळाने काय काय दाखवले असे विचारले, तर तिला काहीच सांगता येईना. ती 1906 च्या एप्रिलात वारली. तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून आल्झायमरने त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निरीक्षण मांडले, आणि 1910 साली क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात त्या रोगाला त्याचे नाव दिले. पण इस्पितळातला तो प्रश्नोत्तरांचा कागद मला सूक्ष्मदर्शकाइतकाच मोलाचा वाटतो. वस्तू ओळखता येते, नाव येते, आणि घटकाभरात सगळी पाटी कोरी: रोगाची खूण त्या कागदावरच उमटलेली आहे.

आज जी परीक्षा घेतात ती याच प्रश्नाला शिस्त लावून केलेली. स्वित्झर्लंडच्या आंद्रे रे याच्या परीक्षेत पंधरा शब्द पाच वेळा ऐकवतात, मध्ये दुसरी यादी घालून गोंधळ उडवतात, आणि वीस-तीस मिनिटांनी पहिली यादी पुन्हा विचारतात. म्हाताऱ्यांसाठी अमेरिकेत 1986 नंतर जो संच झाला त्यात दहाच शब्द, तीन फेऱ्या, आणि मग काही वेळाने पुन्हा विचारणे. शेवटी एक मोठी यादी पुढे ठेवून, यातले मघाचे कोणते, असे नुसते 'होय-नाही' विचारतात. दिसायला पोरखेळ, पण तीन फेऱ्या, एक विराम आणि एक ओळखपरेड, एवढ्यात मनाच्या तीन वेगवेगळ्या कामांची झडती होते.

पहिली गोष्ट, फेरीगणिक वाढ. निरोगी म्हातारा माणूस पहिल्या फेरीत समजा पाच शब्द सांगेल, दुसरीत सात, तिसरीत आठ. आल्झायमरच्या रोग्याची ओळ तीन, चार, तीन अशी सपाट राहते. दुसरी गोष्ट, काठांची. त्याने सांगितलेल्या तीन-चार शब्दांत शेवटचेच असतात. पहिला काठ ढासळलेला असतो. आणि आता आपल्याला कळते, की शेवटचे शब्द म्हणजे नुसता कानातला नाद. म्हणून घरच्या माणसांची फसगत होते! "आत्ता सांगितलेले तर ते बरोबर बोलून दाखवतात," असे सून सांगते आणि ते खरेही असते. पाच मिनिटे थांबून विचारा, म्हणजे नाद विरलेला असतो आणि खाली साठवणीत काही गेलेलेच नसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्यासाठी मी मामांच्या कलमांचा दाखला घेतो. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला, वर पट्टी बांधली, की बाहेरून सगळी रोपे सारखीच दिसतात. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडून पाहावे तेव्हा कळते की कोणता डोळा धरला आणि कोणता वाळला. धरलेला डोळा कधीकधी फुटायला वेळ लावतो. त्याला पाणी द्यावे, वरचा शेंडा छाटावा, की तो फुटतो. वाळलेल्या डोळ्याला कितीही पाणी घाला, उपयोग नाही. शब्दांचेही असेच. काही म्हाताऱ्यांना शब्द आठवत नाही, पण "घरातली एक वस्तू होती, दाराला लावतात" असे सुचवले की चेहरा खुलतो: "हो, कुलूप!" किंवा ओळखपरेडीत ते नेमके बोट ठेवतात. येथे डोळा धरलेला आहे, फुटण्याची अडचण आहे. रक्तवाहिन्यांच्या दोषाने मेंदूच्या आतल्या भागाला इजा झाली असता, पार्किन्सनच्या विकारात, आणि उदासीनतेच्या रोगात असे चित्र पुष्कळदा दिसते. आल्झायमरच्या रोगात मात्र सुचवूनही शब्द येत नाही. उलट, "घरातली वस्तू" म्हटले की रोगी 'खुर्ची' म्हणतो, 'भांडे' म्हणतो, यादीत नसलेलेच काही सांगतो. आणि ओळखपरेडीत न ऐकलेल्या शब्दांनाही 'होय' म्हणत सुटतो. हर्मन बुशके आणि एलन ग्रोबर यांनी 1980 नंतरच्या दशकात याच तत्त्वावर, सुचवून विचारण्याची, स्वतंत्र परीक्षा बसवली.

परका शब्द घुसणे हे तेवढ्याने रोगाचे लक्षण नव्हे, हेही लगेच सांगितले पाहिजे. मघाशी पुढच्या रांगेतील एका बाईंच्या कागदावर मी 'वरवंटा' पाहिला. मी 'पाटा' म्हटले आणि त्यांच्या मनाने जोडी पुरी केली. यात भिण्यासारखे काय आहे? एखादा पाहुणा शब्द सर्वांकडेच येतो. पाहुण्यांचीच गर्दी झाली आणि घरचे कोणी दिसेना, म्हणजे काळजी.

यामागे मेंदूतली जागाही ठाऊक झाली आहे. कानशिलाच्या आतल्या बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा एक वळलेला भाग आहे. त्याच्या आकारावरून त्याला ग्रीक भाषेत समुद्रघोड्याचे नाव मिळाले. 1953 साली अमेरिकेत एका तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण 2008 साली मरेपर्यंत त्याच्या मनात नवी घटना ठरली नाही. पुन्हा पुन्हा भेटणारी ब्रेंडा मिल्नर त्याला दर वेळी नवीच. मात्र आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम त्याचा हात दिवसेंदिवस सफाईने करू लागला, आणि आपण ते पूर्वी केले आहे याची त्याला दाद नव्हती! आल्झायमरचा रोग आपली पहिली पडझड या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावरच करतो, हे 1991 साली ब्राक दांपत्याने मृतांच्या मेंदूंचा अभ्यास करून दाखवले. म्हणून आरंभी नवे शब्द गळतात आणि जुने सर्व शाबूत राहते.

हे 'जुने शाबूत' असणे आपल्याकडे फार फसवे ठरते. आपली पिढी घोकंपट्टीत वाढली. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा, पावकी-निमकी, अडीचकीपर्यंत पाढे. घराघरांत हरिपाठ, राष्ट्रसंतांची भजने. सत्तरीची आजी अख्खा हरिपाठ एका दमात म्हणते आणि घरचे म्हणतात, "हिची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा तल्लख!" पण हरिपाठ हे साठ वर्षांपूर्वी धरलेले आणि रोज पाणी घातलेले कलम आहे. सकाळी औषध घेतले की नाही, हा आजचा डोळा आहे. पहिल्यावरून दुसऱ्याची परीक्षा होत नाही. मामा खुंटापासून फळापर्यंत बागायतीचे सारे शास्त्र बिनचूक सांगत. म्हणूनच तर व्यापाऱ्यांना त्यांचा विसर पटेना.

आता मधल्या पायरीकडे येतो. स्मृती वयाच्या मानाने अधिक दुबळी, माणसाला वा घरच्यांना ते जाणवलेले, परीक्षेतही दिसलेले, पण रोजचा व्यवहार अजून चाललेला, अशा अवस्थेला 1999 साली मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी नेमके निकष लावून दिले. तिला 'माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' म्हणतात. आपण 'सौम्य बोधक्षय' म्हणू. येथे दहा शब्दांची यादी फार बोलकी ठरते. फेरीगणिक थोडी वाढ होते, सपाटी नसते. पण विरामानंतर विचारले की घसरगुंडी दिसते, आणि यादीच्या सुरुवातीचे शब्द विशेष गळतात. विरामानंतरची ही गळती जितकी मोठी, तितका पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका अधिक, असे पुष्कळ अभ्यासांत आढळले आहे. दवाखान्यांत येणाऱ्या अशा शंभर माणसांपैकी दरवर्षी दहा ते पंधरा पुढच्या पायरीवर जातात. सर्वसाधारण वस्तीत हे प्रमाण याहून कमी. काहीजण तर वर्षभरात पुन्हा सुधारलेलेही दिसतात. तेव्हा हे निदान म्हणजे शिक्षेचा हुकूम नव्हे.

माणूस सुधारतो तो का, हेही पाहिले पाहिजे. पत्नी गेली, मन खचले, झोप उडाली, अशा म्हाताऱ्याला शब्द विचारले तर तो पहिल्याच फेरीत "मले काही येत नाई" म्हणून हात झटकतो. पण जे चार शब्द त्याने घेतले ते वीस मिनिटांनीही त्याच्यापाशी असतात, आणि परके शब्द तो घुसडत नाही. त्याचे दुःख हलके झाले की स्मृती परतते. थायरॉइडची कमतरता, शाकाहारी घरांत आढळणारी बी-12 जीवनसत्त्वाची उणीव, झोपेच्या गोळ्या यांनीही विसर वाढतो. आणि बहिरेपण! ज्याला 'ढग' ऐकूच आला नाही त्याने तो आठवावा कसा? कानातला मळ काढल्यावर ज्यांची 'स्मृती' सुधारली असे म्हातारे मी पाहिले आहेत.

एवढी गुणी परीक्षा, पण ती भाषांतर करून चालत नाही. अमेरिकन दहा शब्दांत 'समुद्रकिनारा' आहे, 'इंजिन' आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसाला समुद्रकिनारा काय होय? ही अडचण जगभर आली. विकसनशील देशांतील डिमेन्शियाचा अभ्यास करणाऱ्या 'दहा-सहासष्ट' गटाने त्या यादीतले चार शब्द काढून 'कोपरा', 'दगड', 'पुस्तक', 'काठी' असे सर्वत्र ओळखीचे शब्द घातले. या गटाचे नावच बोलके आहे: डिमेन्शियाचे सहासष्ट टक्के रोगी गरीब देशांत, आणि संशोधन त्यांच्यावर दहा टक्क्यांहून कमी. त्याआधी हरियाणातील बल्लभगड येथे भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी निरक्षर खेडुतांसाठी हिंदीत परीक्षा बसवली. 'डोळे मिटा' हे वाचून तसे करण्याऐवजी, परीक्षकाने स्वतः डोळे मिटावेत आणि म्हाताऱ्याने अनुकरण करावे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही बोलावे. 1995 साली ती प्रसिद्ध झाली. मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. शाळा न पाहिलेली बाई अडाणी असेल, पण विस्मरणाची रोगी नव्हे. आणि परीक्षेने दोघींना एकाच मापाने मोजले तर दोष परीक्षेचा.

भाषेची अडचण तर आपल्या उंबरठ्यावर आहे. मामांची जी परीक्षा एका मोठ्या शहरात झाली तीत यादीत 'बटाटा' होता. मामांनी विरामानंतर जो एकच शब्द सांगितला तो 'आलू'. परीक्षक पोरसवदा होता. त्याने चूक धरली. खरे पाहता तो त्यांचा एकमेव बरोबर शब्द! वऱ्हाडी माणसाच्या मनात बटाटा उतरतो तो आलू होऊनच. या सरहद्दीवर घरात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि पांढुर्णा-मुलताईच्या बाजारात हिंदी चालते. कोणत्या भाषेत शब्द द्यावयाचे हे आधी विचारले पाहिजे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. हैदराबादेत 648 डिमेन्शियाच्या रोग्यांची नोंद तपासून 2013 साली सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दोन भाषा बोलणाऱ्यांना हा रोग एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा जडला. निरक्षरांतही हा फरक दिसला. सर्वच अभ्यास याला दुजोरा देत नाहीत. तरी आमच्या मिश्र बोलीला नाके मुरडणाऱ्यांना ऐकवायला काय हरकत आहे!

हा प्रश्न एखाद्या मामाचा नाही. साठ वर्षांवरील भारतीयांची जी देशव्यापी तपासणी झाली आणि जिचा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला, तीनुसार या वयोगटातील शंभरांपैकी सुमारे सात जणांना, म्हणजे देशभरात सुमारे 88 लाख माणसांना डिमेन्शिया आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत तो अधिक. त्या तपासणीतही दहा शब्दांची यादी होतीच. 'साठी, बुद्धी नाठी' ही म्हण मात्र या आकड्यांवरून खोटीच ठरते. कारण शंभरांतल्या त्र्याण्णवांची बुद्धी नाठी झालेली नाही. ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द, यांनी आमच्या घरी दोन वर्षे फुकट घालवली. मामा तीच गोष्ट तासात तीनदा विचारत तेव्हा आम्ही हसलो होतो.

घरी ही यादी वाचून कोणी आपल्या आईवडिलांचे निदान करू नये. शब्द कसे द्यावेत, वयाला आणि शिक्षणाला किती सूट द्यावी, हे जाणकाराचे काम आहे. पण घरच्यांनी एक गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी: सुचवल्यावर आठवते की नाही. "काल कोण आले होते?" याला उत्तर नाही, "पाहुणीने संत्र्याची टोपली नेली ना?" म्हटल्यावर "हो, हो" येते आणि पुढचा तपशील आपणहून येतो, की नुसती कोरी नजर? हे पंधरा दिवस वहीत टिपून नेले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. आज या रोगाची गती थोडीशी मंद करणारी नवी औषधे परदेशांत निघाली आहेत. ती महाग आहेत, धोक्याचीही आहेत, आणि ज्यांना लाभ होतो तो आरंभीच्या अवस्थेतच. जुन्या गोळ्यांनी काही काळ थोडा आधार मिळतो.

मामांना तो मिळाला. त्याहून अधिक आधार एका लाल वहीचा झाला. सौदा झाला की तो त्यांच्यासमोर तिच्यात लिहावयाचा, व्यापाऱ्याने सही करावयाची, आणि वही धाकट्या मामांकडे. दोन्ही व्यापाऱ्यांना घरी बोलावून डॉक्टरांचा कागद दाखवला. दुसऱ्याने इसार परत घेतला. पहिला म्हणाला, मला आधी सांगायचे होते. तो बरोबर बोलला. त्यानंतरचे तीन बहार त्यानेच घेतले. आणि बागेत शिरल्यावर झाडावर किती फळ आहे याचा अंदाज मात्र तो मामांनाच विचारी, कारण तो त्यांचा कधी चुकला नाही.